बुरुड राजाचा कोट

मुंबईहून विरारकडे जाणाऱ्या गाडीने नालासोपाऱ्यास उतरावे आणि पश्चिमेला जुन्या सोपारा गावाची वाट धरावी. मी प्रथम गेलो तेव्हा “स्तूप कुठं आहे?” असे चौघांना विचारले, कोणाला सांगता येईना. शेवटी एक म्हातारेबुवा म्हणाले, “अहो मास्तर, बुरुड राजाचा कोट म्हणा की! तो काय समोर.”

पाहतो तो कोट नाही नि राजाही नाही. विटांचा एक मोठा गोल उंचवटा तेवढा आहे. हाच सोपाऱ्याचा बौद्ध स्तूप. लोक बुद्धाला विसरले, पण ही जागा थोर आहे एवढे मात्र विसरले नाहीत. म्हणून त्यांनी तिथे एक राजा बसवून टाकला!

1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हा उंचवटा खणला. आत दगडी पेटी निघाली. तिच्यात तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडी, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. आणि सोन्याच्या करंडकात काय असावे? हिरेमाणके नव्हेत, तर मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे! ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानून कोणी तरी इतक्या भक्तीने जपले होते.

एवढा खर्च करणारे लोक इथे कुठून आले? त्याचे उत्तर समुद्र देतो. वैतरणेची खाडी आणि वसईची खाडी यांच्यामधले हे गाव एके काळी मोठे बंदर होते. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचे नाव आहे. नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या लेखात ‘शोर्पारग’ म्हणून ते भरुकच्छाच्या जोडीने येते. नाणेघाट उतरून माल यावा, गलबतांत चढावा, असा तो काळ. पुढे खाड्या गाळाने भरत गेल्या, बंदर मागे पडले, आणि जिथे पाणी होते तिथे केळीच्या नि पानवेलीच्या वाड्या झाल्या.

पण मला जास्त मोलाचे वाटतात ते दोन फुटके दगड. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा 1882 सालीच इथे भातेला तळ्याजवळ मिळाला. नवव्याचा तुकडा 1956 साली जवळच्या भुईगावी सापडला. अक्षरे मोजकीच उरली आहेत. परंतु हेच लेख गिरनारला आहेत, म्हणून अर्थ लागतो. आठव्यात सम्राट सांगतो की, पूर्वीचे राजे शिकारीच्या मौजेसाठी फिरत. मी धर्मयात्रा करतो, वृद्धांना भेटतो, खेड्यापाड्यांतल्या माणसांना भेटतो. नवव्यात तो म्हणतो, लोक आजारात, लग्नात, प्रवासाला निघताना नाना विधी करतात. त्यांचे फळ थोडे. खरा मंगल विधी म्हणजे नोकरचाकरांशी नीट वागणे आणि गुरुजनांचा आदर करणे. समुद्रावर जाणाऱ्या माणसांच्या बंदरात हे शब्द कोरले होते, हे लक्षात घ्या!

म्हणजे पाहा, एक दगड खेड्यातल्या माणसाविषयी बोलतो आणि दुसरा गुरुजींविषयी. आपल्यापैकी किती जणांनी तो निरोप ऐकला आहे?

चौदा लेखांपैकी इथे दोनच हाती लागले. बाकीचे कुठे गेले? एखाद्या विहिरीच्या काठाला, एखाद्या घराच्या जोत्याला बसले असतील, किंवा चुन्याच्या भट्टीत गेले असतील. म्हणून शिक्षकबंधूंना एकच विनंती. मुलांना घेऊन एकदा आपल्याच गावाभोवती फिरा. तळ्याकाठचा अक्षरांचा दगड दिसला, तर शेंदूर लावू नका, फोडू नका. त्याचा कागदावर ठसा घ्या आणि पुराणवस्तू खात्याला कळवा. म्हाताऱ्यांना त्या जागेचे नावही विचारा. नाव चुकीचे असेल, पण बोट बहुधा बरोबर जागेकडेच दाखवलेले असते. सोपाऱ्याच्या त्या बुवांनी मला हेच शिकवले.