संकरित गोपालन, पुणे परिसरातील

यूरोपातील थंड व समशीतोष्ण प्रदेशांत विकसित झालेल्या दुधाळ जातींचा देशी गाईंशी संकर करून मिळणाऱ्या जनावरांचे घरच्या गोठ्यात केलेले पालन. पुणे शहर व भोवतालचे तालुके यांत हा व्यवसाय विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाला. थंड प्रदेशातील गाय येथे मूळ स्वरूपात फारशी आली नाही. तिचे अर्धे रक्त आले. त्याबरोबर आलेली देखभालीची जबाबदारी मात्र शेतकरी कुटुंबावर, विशेषतः घरातील स्त्रियांवर, पूर्णपणे पडली.

मूळ प्रदेश व जाती : हॉल्स्टाइन-फ्रीजियन ही जात नेदर्लंड्स व उत्तर जर्मनीचा किनारी भाग येथील, तर जर्सी ही इंग्लिश खाडीतील त्याच नावाच्या बेटावरील होय. पहिली आकाराने मोठी व भरपूर दूध देणारी, तर दुसरी लहान असून तिच्या दुधात स्निग्धांश अधिक असतो. उत्तर यूरोपातील शेतकरी कुटुंबे उन्हाळ्यात जनावरे कुरणात चारीत आणि हिवाळ्यात ती बंदिस्त गोठ्यात बांधून वाळलेल्या गवतावर पोसत. सु. ५° ते २५° से. तापमानात या जाती सुखाने राहतात. त्यावरील उष्णतेत त्यांचे खाणे व दूध कमी होते आणि गाभण राहण्याचे प्रमाणही घटते. पुण्यात उन्हाळ्यातील कमाल तापमान ४०° से.च्या आसपास जाते. त्यामुळे शुद्ध विदेशी गाय सामान्य शेतकऱ्यास परवडण्याजोगी नव्हती.

पूर्वस्थिती : पुण्याच्या जुन्या पेठांतील अनेक वाड्यांत गोठा असे व घरापुरते दूध त्यातून मिळे. उरलेली गरज गवळ्यांच्या म्हशी भागवीत. भोवतालच्या खेड्यांत गाय पाळली जाई ती मुख्यतः बैलांसाठी. खिलार व डांगी या महाराष्ट्रातील जाती ओढकामासाठी नावाजलेल्या आहेत. त्यांचे दूध बहुधा वासराला पुरून घरापुरते उरे. कालवड प्रथम विण्यास चार-पाच वर्षे लागत आणि दोन वेतांतील भाकड काळही दीर्घ असे. पुणे कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाची पाहणी १९१७ मध्ये प्रसिद्ध केली. तीत जमिनीचे झालेले असंख्य तुकडे दिसून आले. अशा तुटपुंज्या जमिनीवर जगणाऱ्या कुटुंबास जोडधंद्याची निकड होती. पण घरच्या गाईपासून विक्रीजोगे दूध मिळत नव्हते.

संकराचे प्रारंभीचे प्रयत्न : भारतात विदेशी वळूंचा वापर एकोणिसाव्या शतकापासून झाला. लष्करी दुग्धशाळांतून आयरशायर व पुढे फ्रीजियन वळूंपासून संकरित गाई तयार करण्यात आल्या. तथापि हे प्रयोग मोठ्या, पगारी नोकरांच्या गोठ्यांत झाले. दोन-तीन जनावरे बाळगणाऱ्या कुटुंबास वळू पोसणे शक्य नव्हते. कृत्रिम रेतनामुळे ही अडचण दूर झाली. भारतात हे तंत्र प्रथम १९३९ मध्ये म्हैसूर येथे वापरण्यात आले. ग्लिसरॉलच्या साहाय्याने वीर्य गोठवून टिकविता येते, असे इंग्लंडमध्ये १९४९ मध्ये सिद्ध झाले. −१९६° से. तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनात वीर्यमात्रा वर्षानुवर्षे टिकतात. त्यामुळे वळू खेड्यात न आणताही त्याचा वंश खेड्यात पोहोचू लागला.

उरुळीकांचन येथील कार्य : पुण्याच्या पूर्वेस हवेली तालुक्यातील उरुळीकांचन येथे महात्मा गांधींनी १९४६ मध्ये निसर्गोपचार आश्रम स्थापिला व त्याचे काम मणिभाई देसाई (१९२०–९३) यांच्याकडे सोपविले. आश्रमात मणिभाईंनी गीर गाईंचा कळप जोपासला. निवड व योग्य आहार यांमुळे देशी गाईचे दूध वाढते, हा त्यांचा अनुभव होता. मात्र त्या मार्गाने गरिबाच्या गोठ्यात फरक पडण्यास अनेक पिढ्या लागल्या असत्या. म्हणून त्यांनी संकराचा मार्ग स्वीकारला. १९६७ मध्ये भारतीय ॲग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन (बायफ) ही संस्था स्थापन झाली. उरुळीकांचन येथे विदेशी वळू ठेवून गोठित वीर्य तयार करण्यात येऊ लागले. प्रशिक्षित कर्मचारी वीर्यमात्रा घेऊन शेतकऱ्याच्या दारी जाई, हे या कार्यक्रमाचे वैशिष्ट्य होय. माजावर आलेली गाय मैलोगणती चालवीत दवाखान्यात नेण्याची गरज उरली नाही. मणिभाईंना १९८२ मध्ये रामोन मागसायसाय पुरस्कार मिळाला. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने हॉल्स्टाइन, जर्सी व गीर यांच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ ही गाय विकसित केली.

संकरित कालवड साधारणतः अडीच ते तीन वर्षांत विते आणि चांगल्या देखभालीत दिवसाकाठी आठ-दहा लिटर दूध देते. पहिल्या पिढीतील निम्म्या विदेशी रक्ताच्या गाईत दूध व काटकपणा यांचा मेळ सर्वांत चांगला आढळतो. विदेशी अंश वाढत गेल्यास उष्णता व रोग यांना तोंड देण्याची शक्ती घटते. वाढलेल्या दुधास बाजारपेठही लाभली. पुणे जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ १९६० मध्ये स्थापन झाला होता. कालव्यांच्या पट्ट्यात उसाचे वाढे व हिरवा चारा उपलब्ध होता. दर पंधरवड्याला हाती येणारा दुधाचा पैसा हा अनेक कुटुंबांचा रोख उत्पन्नाचा पहिला नियमित मार्ग ठरला.

देखभाल : कडबा व रानातील चराई यांवर ही गाय पोसत नाही. तिला हिरवा चारा, पेंड व मुबलक पाणी लागते. गोठ्याचे छप्पर उंच व लांबी पूर्व-पश्चिम असल्यास ऊन कमी येते. मुरघासाचा प्रसार येथे विशेष उल्लेखनीय आहे. थंड देशांत तो हिवाळ्याची तरतूद म्हणून साठवितात. पुणे परिसरात तो उन्हाळ्याच्या टंचाईसाठी भरतात. लाळ्या-खुरकूत रोगावर वेळेवर लस टोचावी लागते. गोचिडांमुळे होणारा थायलेरिओसिस हा रोग संकरित वासरांना विशेष घातक आहे. २०२२ मध्ये महाराष्ट्रात पसरलेल्या लंपी चर्मरोगात देशी व संकरित अशी दोन्ही प्रकारची जनावरे दगावली.

परिणाम : संकराचा सर्वांत अवघड प्रश्न नर वासरांचा आहे. वशिंड नसल्याने किंवा लहान असल्याने संकरित बैलाच्या मानेवर जू नीट बसत नाही व तो उन्हात लवकर दमतो, अशी शेतकऱ्यांची तक्रार असे. ट्रॅक्टर आल्यावर बैलाची गरजच घटली. २०१५ मध्ये राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आल्याने अशा जनावरांची विक्री दुरापास्त झाली आणि त्यांच्या पोषणाचा भार गोठ्यावर राहिला. केवळ कालवडी जन्माव्यात यासाठी लिंगनिर्धारित वीर्यमात्रांचा वापर पुढे सुरू झाला. दुधाचे भाव पडले तरी खुराकाचा खर्च थांबत नाही. जुलै २०१८ मध्ये राज्यभर झालेल्या दूध आंदोलनामागे हेच कारण होते. बैलांची उपयुक्तता संपत गेल्याने खिलार व डांगी यांसारख्या जातींची जोपासना हाही चिंतेचा विषय झाला. संकरित गोपालनाने लहान शेतकऱ्यास रोख उत्पन्न मिळवून दिले, हे निर्विवाद आहे. परंतु पूर्वीची गाय दुष्काळातही थोडक्यात निभावून नेई, ती सोय या नव्या गाईने राहू दिली नाही. म्हणून पाणी, चारा व दुधाचा स्थिर भाव यांची शाश्वती असेल, तेथेच हा व्यवसाय कुटुंबास तारक ठरतो.