सिंधूची शेवटची जबानी

मराठी रंगभूमीवरच्या शोकात्म नायिकांची नावे काढायची झाली, तर पहिले नाव 'एकच प्याला'मधल्या सिंधूचे येते. गेल्या शंभर वर्षांत या सिंधूसाठी प्रेक्षकांनी किती रुमाल भिजवले असतील याचा हिशेब नाही. पण आपण रडलो ते नेमके कशासाठी, हा प्रश्न आपण स्वतःला फारसा विचारलेला नाही. आज तोच विचारावासा वाटतो.

आधी थोडा इतिहास. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे वारले. वय अवघे ३३. 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग त्यांना बघायला मिळाला नाही. तो पुढच्याच महिन्यात बडोद्याला गंधर्व नाटक मंडळीने केला. नाटकातली पदे गडकऱ्यांची नव्हेत, ती विठ्ठल सीताराम गुर्जर यांची. सुधाकर झाले गणपतराव बोडस आणि सिंधू झाले बालगंधर्व. भरजरी शालूंतल्या बालगंधर्वांना पाहायला सरावलेल्या प्रेक्षकांसमोर ते ठिगळांच्या साध्या लुगड्यात उभे राहिले, आणि प्रेक्षकांनी ते लुगडेही डोक्यावर घेतले.

कथा सर्वांना ठाऊक आहे. बुद्धिमान वकील सुधाकरची सनद भर कोर्टातल्या तंट्यामुळे काही महिने रद्द होते. अपमान विसरायला तळीराम त्याच्या हाती पहिला पेला देतो. पुढे घर धुऊन निघते. श्रीमंताघरची लेक सिंधू माहेरची मदत नाकारते, जात्यावर लोकांचे दळण दळते, पण नवऱ्याविरुद्ध शब्द काढत नाही. शेवटी दारूच्या नशेत सुधाकरच्या हातून तान्हे मूल जाते आणि सिंधूला मरणाची जखम होते.

हे नाटक दारूबंदीचा प्रचार म्हणून ओळखले गेले, आणि ते साहजिकच होते. १९०८ साली पुण्यात दारूविरुद्ध मोठी चळवळ झाली होती, टिळक तिच्या पाठीशी होते. ती हवा ताजी होती. पण मला या नाटकात दारूइतकाच दुसरा एक विषय दिसतो, तो म्हणजे पातिव्रत्याची परीक्षा.

यासाठी गडकऱ्यांचेच आधीचे 'पुण्यप्रभाव' आठवावे. त्यातली वसुंधरा आपल्या पातिव्रत्याच्या तेजाने वृंदावनासारख्या दुष्टालाही नमवते. पुण्याचा प्रभाव पडतो, असे ते नाटक नावातच सांगते. मग तोच नाटककार सिंधू लिहितो. सिंधूचे पुण्य वसुंधरेपेक्षा कणभरही कमी नाही. तरी ना नवरा सुधारतो, ना मूल वाचते, ना ती स्वतः. समोर खलपुरुष असता तर कदाचित ती जिंकली असती. इथे समोर नवराच आहे, आणि त्याच्याही मागे प्याला. गडकऱ्यांनी आपलाच जुना सिद्धांत इथे मोडून दाखवला असे मला वाटते. त्यांनी तो मुद्दाम मोडला की लिहिता लिहिता मोडला गेला, हा वेगळा प्रश्न.

आणखी एक गोष्ट. याच नाटकात तळीरामाची बायको गीता आहे. ती तोंडाने फटकळ आहे, पुरुषांना खडे बोल सुनावते, आणि सिंधूच्या पडत्या काळात तिच्याच मदतीला धावते. म्हणजे दारुड्याच्या दोन बायका लेखकाने शेजारी शेजारी उभ्या केल्या. टाळ्या गीतेला पडल्या, अश्रू सिंधूला मिळाले. आणि समाजाने लेकीबाळींपुढे आदर्श म्हणून ठेवली ती सिंधू. ही निवड गडकऱ्यांपेक्षा प्रेक्षकांची जास्त आहे.

सिंधूला दुसरी वाट तरी कुठली होती? १९१९च्या मुंबई इलाख्यात हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा कायदा नव्हता. तो तिथे आला १९४७ साली, आणि देशभराचा हिंदू विवाह कायदा १९५५ साली. तेव्हा सिंधूच्या सहनशीलतेला सद्गुण म्हणताना, तिच्यासाठी उघडे दारच नव्हते हेही ध्यानात ठेवायला हवे.

आम्हा गोंयकारांचे आणि गडकऱ्यांचे नाते जुने. 'भावबंधन'मधली लतिका गाजवली ती मंगेशीच्या मास्टर दीनानाथांनी. आमच्या गावोगावच्या देवळांच्या उत्सवात संगीत नाटके रात्रभर चालत, त्यात 'एकच प्याला'ही असे. असा एक प्रयोग मी लहानपणी मंडपात बसून पाहिला आहे. सिंधूचे काम गावातल्याच एका पुरुषाने केले होते. बायकांच्या बाजूला हुंदके चालले होते, आणि मंडपाबाहेर थोड्याच अंतरावर गावातले दारूचे दुकान उघडे होते. त्या वयात मला यात विसंगती दिसली नाही. आता दिसते. हुंदके देणाऱ्या कितीतरी जणी नाटक संपल्यावर आपापल्या सुधाकराला हाताला धरून घरी नेणार होत्या.

म्हणून या नाटकातला सर्वांत भयंकर प्रसंग मला मृत्यूचा वाटत नाही. तो वाटतो सिंधूच्या जबानीचा. फौजदार विचारतो आणि मरणाच्या दारातली सिंधू, आपण पडलो, लागले, असे खोटे सांगून नवऱ्याला वाचवते. प्रेक्षक तिथे गहिवरतो, कारण त्याला हे पातिव्रत्याचे शिखर वाटते. पण आज कुठल्याही इस्पितळात हात मोडलेली, डोळा काळानिळा झालेली बाई डॉक्टरला हेच सांगते: न्हाणीघरात घसरले, जिन्यावरून पडले. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ साली झाला. कायदा आला म्हणून ते वाक्य मात्र बदलले नाही.

सिंधू जरूर पाहावी. बालगंधर्वांनी अजरामर केलेली ती पदे जरूर ऐकावी. डोळे भरून आले तर येऊ द्यावे. फक्त घरी जाताना मुलीला 'सिंधूसारखी हो' असे सांगू नये. फौजदाराने विचारले तर खरे काय ते सांग, एवढेच तिला सांगावे.