ई-मेल पत्ता तपासणी साधने
सार्वजनिक स्रोतांत उपलब्ध असलेल्या माहितीच्या आधारे एखाद्या ई-मेल पत्त्याची सत्यता, वापर व संबंधित खाती शोधणाऱ्या संगणकप्रणाली. ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये सुरू केलेली ‘हॅव आय बीन पोन्ड’ ही सेवा दिलेला पत्ता माहितीगळतीच्या कोणत्या ज्ञात घटनांत उघड झाला आहे, ते दाखवते. ‘होलेहे’ ही पायथॉन भाषेतील प्रणाली संकेतस्थळांच्या ‘पासवर्ड विसरलात?’ यांसारख्या सोयींच्या प्रतिसादावरून त्या पत्त्यावर तेथे खाते आहे का, हे ताडते. ‘द हार्वेस्टर’ शोधयंत्रांसारख्या स्रोतांतून एखाद्या डोमेनशी, म्हणजे संस्थेच्या आंतरजालीय नावाशी, निगडित पत्ते गोळा करते, तर ‘माल्टेगो’ अशा दुव्यांचा आलेख मांडते. जीमेलच्या संकेतस्थळावरून पाठविलेल्या पत्राच्या शीर्षनोंदीत प्रेषकाचा आयपी पत्ता सहसा नसतो; केवळ या साधनांनीही प्रेषकाची ओळख सिद्ध होत नाही.

महाराष्ट्रात सायबर गुन्ह्यांच्या तपासासाठी २०१६ मध्ये जिल्हा पातळीवर सायबर प्रयोगशाळा सुरू झाल्या. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातही स्वतंत्र सायबर पोलीस ठाणे आहे. ओळखचोरी किंवा संगणकाद्वारे तोतयेगिरी करून केलेल्या फसवणुकीच्या गुन्ह्यांना माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ची कलमे ६६ क व ६६ ड लागू होतात. सार्वजनिक माहितीतून मिळालेला धागा तपासाला दिशा देतो. मात्र खातेधारकाचा तपशील भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम ९४ खाली सेवापुरवठादाराकडून मागवावा लागतो आणि इलेक्ट्रॉनिक अभिलेख न्यायालयात सादर करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र जोडावे लागते.