इंग्रजी शब्दांचे अवयव आणि आघात

इंग्रजीतील लांबलचक शब्द वाचताना मराठी भाषक अडखळतो, याचे कारण लिपीत दडलेले आहे. मराठीत लेखन आणि उच्चार बहुतांशी जुळतात; तरी तेथेही प्रत्येक लिखित अक्षर स्वतंत्रपणे उच्चारले जात नाही. भोपाळमधील ‘आनंदनगर’ या वस्तीच्या नावात लिहिताना सहा अक्षरे दिसतात. बोलताना मात्र आ–नंद–न–गर असे चारच तुकडे पडतात. एका स्वरोच्चाराभोवती उभ्या राहणाऱ्या अशा तुकड्यास अवयव किंवा ‘सिलॅबल’ म्हणतात.

इंग्रजी शब्दाचे अवयव मोजताना स्वरांची अक्षरे न मोजता त्यांचे उच्चार मोजावेत. ‘ब्युटिफुल’च्या आरंभी ई, ए, यू ही तीन स्वराक्षरे सलग येतात, पण उच्चार एकच होतो; म्हणून शब्दाचे अवयव तीन. ‘युनिव्हर्सिटी’चे यु–नि–व्हर्–सि–टी असे पाच.

दुसरी पायरी आघाताची. मराठीत आघात बदलल्याने सहसा अर्थ बदलत नाही, त्यामुळे सर्व अवयव सारख्याच जोराने उच्चारण्याची सवय जडते. इंग्रजीत एक अवयव ठळक होतो आणि इतरांचे स्वर बहुधा पुसट होतात. ‘रेकॉर्ड’ हा शब्द नाम असताना पहिल्या अवयवावर, तर क्रियापद असताना दुसऱ्यावर आघात घेतो.

लांब शब्दांत आघाताचा माग शेवटाकडून काढणे सोपे जाते. शन, इटी किंवा इक असा शेवट असल्यास आघात बहुधा त्याच्या लगेच आधीच्या अवयवावर पडतो: ‘एज्युकेशन’मध्ये ‘के’वर, ‘युनिव्हर्सिटी’त ‘व्हर्’वर. ‘फोटोग्राफ’मध्ये तो पहिल्या अवयवावर, ‘फोटोग्राफी’त दुसऱ्यावर आणि ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर सरकतो. ‘पॉलिटिक्स’ व ‘अरेबिक’ मात्र अपवाद. तेथे पहिलाच अवयव ठळक राहतो.

मेंट, नेस, ली हे प्रत्यय सामान्यतः मूळ शब्दाचा आघात हलवत नाहीत. मराठीत रूढ झालेले ‘डेव्हलपमेंट’ हे लेखन येथे फसवे ठरते. इंग्रजीत आघात दुसऱ्या अवयवावर, म्हणजे ‘व्हे’वर, असतो. ‘हॉटेल’मध्येही ‘टेल’ ठळक.

मुलाखतीत किंवा दूरध्वनीवर प्रत्येक ध्वनी शुद्ध असूनही आघात चुकल्यास ऐकणारा शब्द ओळखू शकत नाही. म्हणून नवा शब्द पाठ करताना स्पेलिंगइतकेच शब्दकोशातील आघातचिन्हही पाहावे. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत ही लहान उभी रेघ आघातयुक्त अवयवाच्या आधी, वरच्या बाजूस दिलेली असते.