जात व भांडवलशाही
भांडवलशाहीच्या वाढीबरोबर जन्मजात भेद लोपतात, की तीही त्यांचाच आधार घेते, यासंबंधीचा वाद. मुंबईच्या कापड गिरण्यांत तो मजुरीच्या प्रश्नातून पुढे आला. विणकाम खात्यात मजुरी अधिक असे. तथापि कांडीचा धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढावा लागत असल्याने स्पृश्य विणकर विटाळ मानीत. परिणामी अस्पृश्य कामगार कमी मजुरीच्या कताई खात्यात अडकून पडत. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही बंदी उठविण्याचा आग्रह धरला. १९३८ मध्ये मनमाड येथे त्यांनी ब्राह्मणशाही व भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू मानले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष व कम्युनिस्ट यांनी संयुक्त संप घडविला. अमेरिकेत ड्यू बॉइस यांनी १९३५ मध्ये असे दाखविले, की अल्प वेतन घेणाऱ्या गोऱ्या मजुरास वर्णश्रेष्ठत्वाची प्रतिष्ठा मिळे व त्यामुळे मजुरांची एकजूट भंगे. गिरण्यांत स्पृश्य विणकरास प्रतिष्ठेबरोबर अधिक मजुरीही मिळे. जात भांडवलशाहीहून प्राचीन असली, तरी गिरणीत ती मजुरीचा दर ठरवीत होती. म्हणूनच वर्गीय ऐक्य आधी की जातिनिर्मूलन आधी, हा या वादातील कळीचा प्रश्न ठरला.