दहाच्या आधी, दहाच्या नंतर

गणपतीच्या दिवसांत रात्री दहाचा ठोका पडला की गल्लीचे दोन भाग होतात. एकीकडे पेंगुळलेल्या मुलांना कडेवर घेऊन घराकडे वळणारी कुटुंबं असतात, तर दुसरीकडे आता कुठे रंगात येऊ लागलेली तरुण मंडळी. हे भांडण डीजेच्या भिंतींबरोबर आलं, असा आपला समज असतो. खरं तर ते बरंच जुनं आहे.

पुण्यात भाऊसाहेब रंगारी यांनी १८९२ मध्ये सार्वजनिक गणपती बसवला. मुंबईत गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत १८९३ मध्ये उत्सव सुरू झाला. लोकमान्यांनी या चळवळीला 'केसरी'तून बळ दिलं आणि घरातला गणपती रस्त्यावर आला. त्याबरोबर घरातली माणसंही रस्त्यावर आली, आणि तीही रात्रीच्या वेळी. त्या काळी रात्रीचं खरं आकर्षण म्हणजे मेळे. एकसारखा पोशाख केलेली मुलं एका गणपतीपुढून दुसऱ्या गणपतीपुढे पदं म्हणत जायची. त्या पदांतून राजकारण डोकावायचं, म्हणून इंग्रज सरकारची त्यांवर करडी नजर असे. पुढे मेळ्यांत मुलीही आल्या. मग भल्या घरच्या मुलींनी रात्री रस्त्यावर गावं का, यावरून पुण्यात वादंग माजलं. कुटुंब आणि रात्र यांचा मेळ बसवणं तेव्हाही सोपं नव्हतं.

चाळींनी यावर एक साधा तोडगा काढला. त्यांनी घड्याळाप्रमाणे वाटणी केली. दुपार बायकांच्या हळदीकुंकवाची, संध्याकाळ मुलांच्या स्पर्धांची. मग आरती, त्यानंतर व्याख्यान किंवा कीर्तन, आणि जेवणं आटोपली की नाटक, गाण्याची बैठक, नाहीतर रस्त्यावर पांढरा पडदा ताणून सिनेमा. ज्याला झोप आली तो वर जाई, ज्याला बघायचं तो गॅलरीच्या कठड्याला टेकून उभा राही. उशिरापर्यंत बसणारी गर्दीही बहुधा ओळखीची असे. कोण कुणाचा मुलगा हे ठाऊक असल्यामुळे गोंधळ घालणाऱ्याला नावानं हाक मारता येई. तो धाक कोणत्याही कायद्यात लिहिलेला नव्हता.

पुढे ध्वनिक्षेपक आले, मग त्यांच्या भिंती आल्या आणि गर्दीही लांबून येऊ लागली. २००० साली केंद्र सरकारने ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपकाला मनाई झाली. निवासी भागासाठी मर्यादा ठरली ती दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. १० डेसिबलची वाढ म्हणजे आवाजाची तीव्रता दहापट. त्यामुळे १०५ डेसिबलचा दणका हा ५५ डेसिबलच्या दुप्पट नसून एक लाख पट असतो. २००२ मध्ये नियमात सवलत आली. सांस्कृतिक वा धार्मिक प्रसंगी राज्य सरकारला वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत परवानगी देता येऊ लागली. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ही सवलत वैध ठरवली.

आजाऱ्यांना, परीक्षेला बसलेल्या मुलांना आणि तान्ह्या बाळांच्या आयांना या नियमाचा आधार मिळाला, हे मान्यच करायला हवं. मात्र त्याची झळ सगळ्यांना सारखी बसली नाही. रात्रभर चालणाऱ्या मैफली गेल्या. १९५३ पासूनच्या सवाई गंधर्व महोत्सवालाही आपल्या वेळा बदलाव्या लागल्या. गल्लीतलं नाटक जेवणानंतर सुरू व्हायचं, त्याचा तर आधारच निसटला. नियमाला मान देणारे आधी थांबले आणि दणदणाट करणारे पळवाटा शोधत राहिले. म्हणजे कुटुंबांच्या झोपेसाठी केलेल्या नियमात कुटुंबांची करमणूकच आधी गेली.

आणखी एक बदल फारसा कुणी लक्षात घेतला नाही. तो म्हणजे वर्गणीचा. पूर्वी मंडळाची मुलं पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरत. पैसे देताना घरातली बाई ठणकावून विचारी, "यंदा मुलांसाठी काय ठेवलंय? गेल्या वर्षीसारखा धिंगाणा नको." त्या छोट्याशा पावतीबरोबर तिला कार्यक्रमात शब्द मिळे. पुढे कमानींवर जाहिराती आल्या, पुढाऱ्यांचे फलक आले. खर्चाचा मोठा भाग बाहेरून निघू लागला, तसं कार्यकर्त्यांना जिना चढायचं कारण उरलं नाही. ज्याचा पैसा, त्याची आवड. जाहिरातदाराला गर्दी हवी असते. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या झोपेशी त्याला काय देणंघेणं?

दहाचा नियम पाळायलाच हवा, आणि तो पाळून घेणं पोलिसांचं काम आहे. पण दहाच्या आधी काय करायचं, हे गल्लीनंच ठरवायचं असतं. संध्याकाळी सहाला पडदा वर गेला तर नाटक साडेनऊला संपू शकतं. त्यासाठी मंडळाच्या बैठकीत विशीतल्या पोरांबरोबर चार आया आणि दोन आजोबा बसायला हवेत. म्हणून यंदा पावतीपुस्तक दारात आलं तर नुसते पैसे देऊन दार लावू नका. कार्यक्रमपत्रिका मागा, आणि वेळा विचारा.