खेळाडूंवरील हस्तोपचार

दुखापत झालेल्या खेळाडूचे स्नायू, अस्थिबंध आणि सांधे यांवर हातांनी दाब, ताण किंवा हालचाल देऊन वेदना कमी करण्याची व अडलेली हालचाल मोकळी करण्याची उपचारपद्धती. मर्दन, घर्षण, सांधा सरकवणे आणि झटक्याने सांधा हलवणे हे तिचे मुख्य प्रकार.

महाराष्ट्रात ही विद्या तालमीतून आली. मेहनतीनंतर पठ्ठ्याचे अंग रगडणे हा वस्तादाच्या शिस्तीचाच भाग होता. निखळलेला खांदाही पुष्कळदा तालमीतच बसवला जाई. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे प्रा. माणिकराव व्यायामाइतकेच हाडवैद्यकासाठीही प्रसिद्ध होते. पाठीत उसण भरली की पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या, माणसाचा पाय लावून घेण्याची समजूतही याच मुलखात रूढ. तिला शास्त्रीय आधार नाही. शास्त्रशुद्ध शिक्षणाची सुरुवात मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात 1952 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने झाली.

आजच्या पद्धतींवर काही परदेशी चिकित्सकांचा ठसा आहे. इंग्लंडच्या जेम्स सिरियॅक्स यांनी अस्थिबंधाच्या तंतूंना आडवे, खोल घर्षण देण्याची रीत रुळवली. ऑस्ट्रेलियाच्या जेफ्री मेटलंड यांनी सांधा किती आणि कोणत्या टप्प्यात हलवायचा याच्या श्रेणी ठरवल्या. सौम्य श्रेणी दुखण्यावर, जोरकस श्रेणी जखडलेपणावर. न्यूझीलंडच्या ब्रायन मलिगन यांच्या पद्धतीत चिकित्सक सांधा सरकवून धरतो आणि त्याच वेळी खेळाडू स्वतः हालचाल करतो.

मुरगळलेल्या घोट्यावर मलिगन यांची पद्धत नेमकी कशी चालते ते पाहण्याजोगे आहे. सूज उतरल्यावरही पाऊल वर वळत नाही, म्हणून कबड्डीपटूला खाली बसता येत नाही. तो दुखरा पाय बाकावर ठेवतो. चिकित्सक अंगठा आणि तर्जनी यांमधली बेचकी घोट्याच्या पुढच्या बाजूस टेकवून आतले हाड मागे दाबतो, आणि खेळाडू टाच न उचलता गुडघा पुढे नेतो. दुखले तर दाबाची दिशा बदलायची. दुखणे सोसून रेटायचे नाही. फरक मोजायला भिंत पुरते: टाच जमिनीवर ठेवून गुडघा भिंतीला टेकवताना अंगठा भिंतीपासून किती दूर राहतो, हे दोन्ही पायांचे पाहायचे.

हाताने आतले चिकटलेले तंतू ‘फोडले’ जातात, हे जुने स्पष्टीकरण आता फारसे टिकत नाही. स्पर्श व हालचालीमुळे मज्जासंस्था वेदनेचा जोर काही काळ कमी करते, असे मानले जाते. हा आराम अल्पकाळाचा असतो. तेवढ्या अवधीत तोल सांभाळण्याचे व ताकदीचे व्यायाम करून घेतले नाहीत तर घोटा पुन्हा मुरगळू शकतो. रोज चोळून घेणारा आणि व्यायाम टाळणारा खेळाडू बरा होत नाही, हे मैदानावरच्या कोणालाही ठाऊक असते, तरी पाळणारे थोडे.

कधी हात लावू नये, हे अधिक महत्त्वाचे. ताज्या दुखापतीवर पहिले दोन-तीन दिवस जोराने चोळू नये. मांडीला जबर मार बसल्यावर किंवा कोपर निखळल्यानंतर रगडले, तर स्नायूतच हाड तयार होऊन सांधा कायमचा अडू शकतो. भारतातले अस्थिरोगतज्ज्ञ ही गुंतागुंत मालिशवाल्याकडून आलेल्या रुग्णांत वारंवार पाहतात. घोटा मुरगळल्यावर चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाची मागची कड दाबल्यावर दुखत असेल, तर आधी क्ष-किरण तपासणी करावी, हा निकष कॅनडातील ओटावा येथे 1992 मध्ये मांडला गेला. वाढत्या वयातल्या मुलांत अस्थिबंधापेक्षा हाडाची वाढीची पट्टी आधी दुखावते, म्हणून त्यांच्याबाबत अधिक जपावे.

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत हिवाळ्यात गावोगाव कबड्डीचे सामने भरतात आणि मुरगळलेला पाय आधी गावातल्या जाणत्याच्याच हाती जातो. गोंदिया शहराला लागून असलेल्या फुलचूरच्या खेळाडूने तरी तसे करण्याचे कारण नाही. तपासणीसाठी गोंदियातच 2016 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.